सैल सोडू नकोस

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या रक्ताच्या आजाराला माझ्या पेशी जुळल्या, हे ऐकून बाबा रडले आणि मी हॉस्पिटलातून पळालो. पेशी काढायला दोन्ही हातांत सुया, चार तास, असं डॉक्टर म्हणाले तेव्हाच डोळ्यांपुढे अंधारी आली. कॉलेजात रक्तगट तपासताना असाच आडवा झालो होतो. हसणाऱ्याच्या थोबाडीत ठेवून दिली आणि कॉलेजच सोडलं. इथे कोणाला मारू? सगळे म्हणतात, अंग सैल सोड. सैल सोडलं की पडतो.

तुझा पळपुटा

७ मार्च

चि. पळपुट्यास,
अनेक आशीर्वाद.

सैल सोडू नकोस. वॉर्डातल्या समुपदेशक बाई म्हणतात, सुई पाहून तुझा रक्तदाब उतरतो, अंग आवळलं की तो चढतो. मुठी, मांड्या, पोट आवळ, चेहरा तापला की सोड, पुन्हा आवळ. भांडताना करतोसच की. आधी पाकिटातली सुई समोर ठेवून जेव. मग हातात धर. मग कोपऱ्यावरच्या लॅबच्या बाकावर रोज बस, लोकांचं रक्त काढताना बघ. शेवटी स्वतःचं दे. माझ्याकडे तीन आठवडे आहेत. घाई नाही, असं म्हणवत नाही.

ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

सहा दिवस बाकावर बसलो, एकदाही पडलो नाही. रक्त काढणारी मुलगी रोज विचारायची, आज तरी बाही वर करणार का. तिच्यासाठी दोन्ही हात दिले असते. काल कळलं, तिचं लग्न ठरलंय. बाक लाथाडून निघून आलो. आता त्या लॅबचं तोंड बघणार नाही.

धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तिचं लग्न ठरलं, त्याची शिक्षा मला? काल पुन्हा ताप चढला. सोमवारपासून जी औषधं देतील, ती माझ्या स्वतःच्या पेशी मारून टाकतील. त्यानंतर तू पळालास तर माझ्याकडे काहीच उरणार नाही. म्हणून आत्ताच सांग. नाही म्हणालास तर रागावणार नाही. खोटं हो म्हणू नकोस.

ताई

२३ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचून तसाच लॅबमध्ये गेलो. तिची माफी मागितली आणि बाही वर केली. ती म्हणाली, सुईचा हात तेवढा मोकळा ठेवा. मग उरलेलं सगळं अंग आवळलं. कान वाजत होते. नळी भरताना बघत होतो. बाहेर येऊन पायरीवर ओकलो, पण शुद्धीत ओकलो.

चार तास कसे जातील, माहीत नाही. भीती तशीच आहे. बेशुद्ध पडलो आणि धोका नसेल, तर शुद्धीवर आणून पुन्हा सुया लावा, असं डॉक्टरांना लिहून दिलंय. लोभ आहे तो आणखी थोडे दिवस पुरव. औषधं सुरू करायला सांग.

तुझा,
धाकटा