यादीतली उत्कर्षा

आदिलाबाद
बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. उत्कर्षा हिस,

आईचे पोटभर आशीर्वाद. जावईबापू ईशानरावांनाही आशीर्वाद. अनंतरावांना आणि विहीणबाईंना नमस्कार सांग. सांगण्यासारखं वातावरण नसेल तर राहू दे.

इकडे सगळं ठीक आहे. रविवारी शिवरात्र झाली. तुझ्या बाबांनी उपास धरला आणि रताळी इतकी खाल्ली की सोमवारी दुकानात नुसते पोट धरून बसले. शेजारच्या देवकाबाई वसंतपंचमीला नातीला घेऊन बासरला सरस्वतीच्या देवळात पाटीपूजेला गेल्या होत्या, त्यांचं गर्दीपुराण अजून चालूच आहे. लग्नसराईचा माल आला, हिरव्या बांगड्यांचे खोके दारापर्यंत लागलेत. यंदा पोरींना काचेच्या बांगड्या नको, मेटलच्या पाहिजेत. असो.

फोन असताना आई कागद खरडत बसली म्हणून हसशील. पण एक तर बारा दिवस झाले तू माझा फोन उचलत नाहीस. दुसरं, फोनमधलं कुठे कुठे फिरतं ते आपण पाहिलं. माझा तर त्या डबड्यावरचा विश्वासच उडालाय.

त्या यादीबद्दल लिहायला बसले आणि रताळ्यांवर गेले बघ. तुला माहीत असलेलंही क्रमानं लिहिते, म्हणजे माझं डोकं जाग्यावर येईल.

बसस्टँडकडे मनाच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्यांच्या कॉम्प्युटरमधली पेशंट लोकांची माहिती कोणीतरी चोरली. संक्रांतीनंतर दवाखान्याचा मेसेज आला होता, अर्धा तेलुगूत, अर्धा इंग्रजीत: आपली काही माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे, काळजी घ्यावी. मला वाटलं हे लॉटरीवाले. मी पुसून टाकला. मग ती यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरायला लागली. नाव, गाव, फोन नंबर, आजार, गोळ्या. आदिलाबादहून किनवटला तुझ्या सासरी पोचायला तिला एक दिवस लागला, आणि कोण्या भल्या माणसानं ती अनंतरावांना पाठवली. त्यात लिहिलंय, उत्कर्षा, आदिलाबाद, नैराश्य. समोर दोन गोळ्यांची नावं आणि माझा नंबर.

व्याह्यांचं म्हणणं, मुलगी लग्नाआधीपासून आजारी होती, आईचा नंबर आहे म्हणजे आईला माहीत होतं, आम्हाला फसवलं. येत्या रविवारी चार माणसं बसवून काय तो निकाल लावणार.

तू मला फोन केलास. "आई, हे काय हाय?" मी म्हटलं, "दुसरी कोनी असन. नावासारखं नाव असते." तू म्हणालीस, "अन् नंबर?" मी म्हटलं, "चुकला असन." मग तू हळूच विचारलंस, "मले लहानपनी काई झालं होतं काय? तुमी दोघायनं मले सांगितलं नाही, असं काई?"

मी "चूप बस" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. तुझ्या जागी मीही बोलले नसते.

सोमवारी मी कोर्टात गेले होते. घाबरू नकोस, माझ्यावर खटला नाही. तिथे बायकांना सरकारकडून वकील फुकट मिळतो म्हणे. मला मिळाली ती जान्हवी म्हणून मुलगी, आपलीच मराठी, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तेलुगूत बोलली की तेलुगूच वाटते. मी तिला एवढंच सांगितलं की पोरीचं नाव दवाखान्याच्या यादीत आलं, तिचा संसार मोडायला आला, काय करता येते सांगा.

तिनं सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं, पण घरी येऊन वाचलं तर माझंच मला उमगेना. पोलिसांत सायबरची तक्रार करता येते, ज्यानं चोरलं त्याच्यावर. दवाखान्यानं माहिती नीट जपली नाही म्हणून ग्राहक आयोगात जाता येतं, नुकसानभरपाई मागता येते. डॉक्टरांची वरची जी परिषद असते, तिथेही पेशंटची गोष्ट बाहेर गेली अशी तक्रार जाते. आणि एक नवा कायदा झालाय, खास असल्याच माहितीसाठी. त्यात चुकलेली नोंद दुरुस्त करून मागायचाही हक्क आहे. पण तो पुरता लागू व्हायला अजून वर्षभराच्या वर जायचं आहे, आणि त्यातसुद्धा आधी दवाखान्याकडेच अर्ज द्यायचा, मग वर जायचं. म्हणजे हक्क आहे, पण आत्ता नाही. रविवार मात्र आत्ताच आहे.

मी म्हटलं, "बाई, यातलं कोनतं पयले करू?"

ती म्हणाली, "मावशी, तुमी काईच करू शकत नाही. उत्कर्षाले घेऊन या. ज्याची माहिती, त्याची तक्रार."

"थे काऊन? नंबर तं माहा हाय."

"नंबर तुमचा असन, पेशंट तं थे हाय ना?"

उत्कर्षा, मी तिथे बाकावर बसले. ती मुलगी पाणी घेऊन आली. मग मी तिला जे सांगितलं ते आता तुला सांगते. तुझ्याआधी एका परक्या पोरीला सांगितलं, त्याची माफी माग म्हणशील तर मागते.

पेशंट तू नाहीस. मी आहे.

दोन वर्षं झाली. तू तेव्हा निजामाबादला शिकत होतीस. एका नवरीला चुडा भरत होते आणि मला रडू कोसळलं. थांबेना. नवरीची आई म्हणाली, अहो, आमची पोरगी आहे, तुम्ही काऊन रडून राह्यल्या? सगळ्या हसल्या, मीही हसले आणि रडतच राहिले. मग रोजचंच झालं. दुकानाचं शटर वर करायला हात उचलेना. कारण विचारू नकोस. कारण नव्हतं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मला काही सांगता आलं नाही. बाबांना गुडघ्याचं दुखणं सांगून मी एकटी त्या दवाखान्यात गेले.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेरु?" तुला आठवतं ना, ईशानराव पहिल्यांदा आदिलाबादला आले तेव्हा बँकेतल्या माणसानं त्यांना पेरु विचारला आणि ते म्हणाले, "नको, आत्ताच जेवून निघालो"? नाव विचारतोय हे कळल्यावर बिचारे किती लाजले होते. मला तेलुगू कळतं, तरी माझीही फजितीच झाली म्हण. नाव विचारलं की मी जे नेहमी सांगते तेच सांगितलं. "उत्कर्षाची आई." तुझ्या शाळेत तेच, रेशनला तेच, गल्लीत तेच. प्रयागबाई म्हटलं तर दुकानात गिऱ्हाइकं इकडे तिकडे बघतात. त्या मुलीला "आई" कळलं नाही. तिनं "उत्कर्षा" तेवढं लिहून घेतलं. नवऱ्याचं नाव विचारलं तर मी पदर तोंडाला लावला, तिनं ती जागा रिकामी सोडली. वय विचारलंच नाही.

इथपर्यंत नुसती चूक होती. मलाही कळली नव्हती.

दुसऱ्या खेपेला तिनं "उत्कर्षा" अशी हाक मारली. समोर आपल्या दुकानाच्या दोन गिऱ्हाइकणी बसल्या होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की फाइल तुझ्या नावाची झालीय. तिथल्या तिथे सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, प्रयागबाईचं नाव तर कुठे लागलं नाही. मी उठून आत गेले. त्यानंतर दोन वर्षं, दर महिन्याला, तुझ्या नावाला "हो" म्हणत गेले. तुझं लग्न ठरलं तेव्हा एकदा मनात आलं, आणि मी ते ढकलून दिलं, कारण कॉम्प्युटरमधली फाइल किनवटला कशी जाईल? मला काय अक्कल.

यादी आली तेव्हाही खरं बोलायची वेळ होती. तू विचारलंस आणि मी तुला खोटं सांगितलं. त्याहून वाईट, तुला स्वतःच्याच डोक्याची शंका यायला लागली आणि मी फोन ठेवून दिला. बाकीचं जमलं तर माफ कर, पण ते माझं मलाच माफ करता येत नाही.

तुला काही झालेलं नव्हतं, बाळा. लहानपणी गोवर झाला होता, आणि एकदा कानात ज्वारीचा दाणा घातला होतास. तेवढंच. तुझं डोकं लख्ख आहे.

तर हे मी वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मावशी, नाव तिचं, रोग तुमचा, नंबर तुमचा. आता ही माहिती कोनाची म्हनायची, मलेच समजून नाही राह्यलं." वर हेही सांगितलं की नव्या कायद्यात दुसऱ्याच्या नावानं माहिती देणं हा देणाऱ्याचा दोष धरलाय. म्हणजे मी लुटली गेलेली की लुटणारी, हे काही अजून ठरत नाही. मला विचारशील तर दोन्ही. दवाखान्यावर माझा राग आहे, खरंच आहे. विश्वासानं सांगितलेलं त्यांनी उघड्यावर पडू दिलं. पण त्यांच्याकडून जे बाहेर गेलं, ते खोटं मी केलं होतं.

वकीलबाई म्हणाल्या, आता बाकी सगळं मागे ठेवा. एका शपथपत्रावर लिहून द्या की त्या फाइलमधली पेशंट तुम्ही आहात, डॉक्टरांकडून तसं पत्र घ्या, मग नोंद दुरुस्त करायला अर्ज, मग ग्राहक आयोग, आणि तो खटला तुमच्या नावानं. डॉक्टरांकडे काल गेले होते. त्यांनी मला पाहिलं आणि "या उत्कर्षाबाई" म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, मी प्रयागबाई." त्यांनी पत्र दिलं.

आणि आज सकाळी तुझ्या बाबांना सांगितलं. ते बांगड्या पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, "गुडघा दुखून नव्हता राह्यला तं?" मी म्हटलं, "नाही." "दोन सालं मी तुले निरगुडीचं तेल आनून देऊन राह्यलो, अन् तू सांगितलं नाही?" एवढंच बोलले. दुपारी जेवल्यावर गोळ्यांचं पाकीट माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं होतं. कुठून शोधलं देव जाणे.

शपथपत्राची नक्कल आणि डॉक्टरांचं पत्र सोबत आहे. अस्सल वकीलबाईंकडे आहे. रविवारी आम्ही दोघं येतोच, अनंतरावांनी बोलावलं नसलं तरी. पण शुक्रवारी पत्र पोचेल आणि तेवढे दोन दिवस तरी तुला त्या घरात मान वर करून राहता यावं, म्हणून आधी हे पाठवते.

जान्हवीबाईंच्या बोलण्यातलं एक मात्र मला पक्कं कळलं. माझा आजार, माझ्या गोळ्या, हे कोणाला सांगायचं ते ठरवायचा हक्क माझा होता, आणि माझ्या परवानगीशिवाय ते कोणीही सांगायला नको होतं. ती परवानगी मला कोणी विचारली नाही. आता मी देते. हे पत्र तू अनंतरावांना वाचून दाखव. विहीणबाईंना दाखव, ईशानरावांना दाखव, रविवारी जी चार माणसं बसतील त्यांच्यासमोर मोठ्यानं वाच. शेजारीपाजारी ऐकतील तर ऐकू देत.

वाचायला तुला लाज वाटली तर तसं सांग. मी येऊन वाचीन.

स्वतःच्या राजीखुशीनं, पूर्ण शुद्धीत लिहून देणारी,

प्रयागबाई नागोराव,
पेशंट