पितृपक्षात अडकलेलं घर

१६ ऑगस्ट २००८, शनिवार

घर सापडलं! हॉलंडमध्येच. मिशिगनमधलं हॉलंड – पण नागपूरला सासूबाईंनी सगळ्या भिशीत सून युरोपात असल्याचं सांगून ठेवलंय आणि मी ते खोडून काढत नाही. खोटं तरी कुठे आहे? इथे पवनचक्की आहे, ट्युलिप आहेत, अर्धं गाव ‘व्हॅन’ आडनावाचं आहे आणि रात्री आठनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

विटांची जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणून तर परवडतंय! लाकडी जमीन एका बाजूला उतरती. इलाने गोटी ठेवली तर ती थेट स्वयंपाकघरात. ‘ममा, द होल हाउस इज अ स्लाइड!’ एजंट बाई ओशाळली. मला तर ती उतरती जमीनसुद्धा आवडली. अमेरिकेत आल्यापासून पाच भाड्याची घरं झाली, एकाही भिंतीत धड खिळा ठोकला नाही. इथे ठोकणार. पहिला खिळा माझा, नवरोबांना – चारूला – सांगून ठेवलंय.

२४ ऑगस्ट, रविवार

घर विकणारी मालकीण, मिसेस व्हॅन डाइक. ऐंशीच्या पुढची, गुडघे गेलेले, म्हणून वृद्धाश्रमात चालली आहे. आपल्या पद्धतीप्रमाणे आम्ही न कळवता, बेसनाचे लाडू घेऊन थडकलो. म्हातारीने प्रेमाने आत घेतलं, कॉफी दिली, बदामाचं सारण भरलेली लांबोळकी पेस्ट्री दिली. मी घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरबद्दल विचारलं तर हात वर केला – ‘आज रविवार, देवाचा दिवस. आज व्यवहाराचं बोलत नाही मी.’ तळघरातली कपडे धुण्याची मशीनसुद्धा रविवारी बंद म्हणे! चारू गाडीत खूप हसला. मला ओशाळल्यासारखं झालं, पण म्हातारी आवडली.

६ सप्टेंबर, शनिवार

बँकेने कर्ज मंजूर केलं. १९ तारखेला सह्या, लगेच किल्ली. पडद्यांची मापं घेऊन आले.

१३ सप्टेंबर, शनिवार

सह्या पुढे ढकलल्या. का? तर पितृपक्ष लागतोय!

‘आईचा फोन आला होता. पितृपक्षात घर घ्यायचं नाही म्हणाली. दसऱ्याला करू.’ हे कोण म्हणतंय? संकष्टीला बर्गर खाणारा चारू! मी खूप भांडले. तो एकच म्हणत राहिला – ‘यार पद्मिनी, प्लीज. आईचं मन नाही मोडवत मला. आणि तू तिला फोन करू नकोस, बीपी वाढतं तिचं.’

करतंय कोण फोन! इतक्या लांबून बसल्या बसल्या माझं घर थांबवलं त्यांनी. आता माझ्याकडून अबोला. इला आजीशी बोलेल तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बसेन.

१७ सप्टेंबर, बुधवार

एजंट बाईला पितृपक्ष काही समजला नाही. ‘सो… इट्स अ बॅड फोर्टनाइट?’

संध्याकाळी मिसेस व्हॅन डाइकचाच फोन. ऐकून घेतलं, मग म्हणाली – ‘तुमच्या सासूबाई बरोबर आहेत. काही दिवसांना हात लावू नये. मी थांबते.’ दुसरं एक गिऱ्हाईक आलं होतं, त्यालाही नाही म्हणाली. आश्रमातल्या खोलीसाठी पुन्हा विनवण्या केल्या तिने. माझ्या घरातल्या माणसांपेक्षा ही परकी बाई बरी! फोन ठेवल्यावर रडू आलं.

२० सप्टेंबर

टीव्हीवर सारख्या बँका बुडतायत. चारू येतो आणि टीव्ही बंद करतो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

काही सुचत नाही. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नाही. चारूच्या नोकरीवर त्याचा व्हिसा, त्याच्या व्हिसावर मी. कर्ज त्याच्या नावावर, एजंटचे फोन त्याला, मुहूर्त त्याच्या आईचा. या देशात माझ्या नावाचं एक लायब्ररीचं कार्ड आहे! पुण्यात बावीस जणांची टीम सांभाळत होते, हे आता मलाच खरं वाटत नाही.

चारूला बोलावं तर तो नुसता बघत बसतो. जेवणही कमी झालंय. आईच्या आणि माझ्या मध्ये सापडलाय बिचारा.

३० सप्टेंबर, मंगळवार

घटस्थापना. पितृपक्ष संपला! सकाळीच म्हटलं, आजच एजंटला सांग ना. ‘दसरा म्हटलंय ना? मग दसराच.’ इतक्या जोरात ओरडला की इला खोलीत पळाली. मग स्वतःच तिच्याजवळ जाऊन बसला.

दुपारी म्हातारीकडे गेले. सगळं सामान खोक्यांत. एक ताटली, एक कप आणि खिडकीपाशी एक खुर्ची बाहेर ठेवलीय. आश्रमवाले दहा तारखेनंतर थांबणार नाहीत म्हणाली. माझाच हात थोपटत होती. लाज वाटली नुसती.

६ ऑक्टोबर, सोमवार

अबोला मोडला. दसरा तीन दिवसांवर आणि चारू काही बोलेना, म्हणून नागपूरला लावला फोन. म्हटलं, आई, आता तरी घेऊ द्याल ना घर?

‘काय बोलतेस गं? मी काहून अडवीन? अगं, आपला प्लॉट तुझ्या सासऱ्यांनी पितृपक्षातच घेतला. गिऱ्हाईक नसते नं तेव्हा, स्वस्तात भेटते! आणि चारूचा तर महिना झाला मला फोनच नाही. बरा आहे नं तो?’

बरा आहे म्हटलं. फोन ठेवला. रात्री त्याला काही विचारलं नाही. धीरच झाला नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

त्याच्या ऑफिसात फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी फार हळू आवाजात बोलली – त्याच्यासकट सगळी टीम गेल्या महिन्यातच काढून टाकली. ‘आय थॉट यू न्यू.’

आज सकाळीही मी त्याला डब्यात भेंडीची भाजी दिली आणि ऑफिसातून लवकर ये म्हटलं.