पायांना कळणारं घर

अकोला,
ता. १४ जानेवारी १९६२

ती. दादांस,
शालूचा सविनय जयभीम.

तुमचं पत्र शुक्रवारी पोचलं. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला, वाचून बरं वाटलं. आई भातकुलीहून तुमच्याकडे अमरावतीला राहायला आली, तेही चांगलं झालं. माझी शाळा नीट चालू आहे. यंदा तिसरीचा वर्ग दिला आहे.

बदली झालेल्या साहेबांच्या बंगल्यातला विलायती सोफा आणि काचेचं टेबल तुम्ही आमच्यासाठी सांगून ठेवलंत. तुमची माया कळते, पण पाठवू नका. घर लावून झालं आहे, आणि सगळं इथल्याच हातचं आहे. दारात अंबाडीच्या दोराचं जाड पायपुसणं, बैठकीत सतरंजी, स्वयंपाकघरात बांबूची चटई. मोर्णा नदीपलीकडच्या इंदूबाई बुरडीणीकडून टोपल्या करून घेतल्या. तांदळाची बारीक विणीची, डाळीची जाड, कांद्यांची उघड्या जाळीची. टेबल कडुनिंबाच्या लाकडाचं आहे. त्याचे कोपरे गोल करायला सांगितले, तेव्हा सुतार म्हणाला, "बाई, घरात लेकरू रांगते काय?"

शेजारच्या बेबीताई म्हणतात, सगळीकडे एकसारखं अंथरलं असतं तर शोभलं असतं. मला शोभेचं एवढं नव्हतं. प्रत्येक जागा पायांना वेगळी लागावी, एवढंच हवं होतं.

पाय यांचे, दादा. यांना आता दिसत नाही.

काचबिंदू होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नसते. कचेरीतली नोकरी सुटली. तुम्हाला कळवायचं नाही, ही यांचीच अट होती. "धर्मपालले बायको हात धरून नेते, हे मले कोणाच्या तोंडून ऐकायचं नाही," म्हणाले.

मग भिंतीला टेकून जे बसले ते बसलेच. मी शाळेतून यायची तेव्हा सकाळी जिथे सोडलं तिथेच असायचे. एके दिवशी म्हणाले, "मले गावाकडे नेऊन सोड. तिथं कोणी ना कोणी पाहीन. तू तुही नोकरी कर." त्या रविवारी बाजारात गेले आणि पहिली सतरंजी आणली. वाटलं, कुठे काय आहे ते पायांना कळलं तर हे उठतील.

उठले तर नाहीतच, उलट चिडले. "हे घर होय का दवाखाना? चटया बदलल्या म्हणजे मी बरा झालो काय?" त्यानंतर माझ्याशी बोलणंच बंद केलं. सगळं गुंडाळून ठेवावं असं माझ्या मनात येऊ लागलं होतं.

त्यातच सुतारानं झोपायच्या बाजेची चौकट आणून दिली. ती विणायला मूर्तिजापूरचा माणूस येणार होता, तो काही आला नाही. चौकट भिंतीला उभी, शेजारी सुतळीचा गठ्ठा. एक दिवस शाळेतून आले तर चौकट जमिनीवर आडवी, आणि हे तिच्यापाशी बसलेले, सुतळीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून. यांच्या घरी वडिलांचा माग होता, लहानपणी यांनी त्यावर काम केलेलं. मी दारातच थबकले. पायपुसण्यावरचा माझा पाय यांनी ऐकला.

"शालू, उभी काहून? हे टोक धर. ताण. ढिलं नको सोडू."

दिवेलागणीपर्यंत आम्ही विणत होतो. एखादा फेरा चुकला की बोटांनी चाचपून स्वतःच उसवायचे. उशाच्या बाजूला यांनी उंच गाठींची एक ओळ घातली. "उसं इकडं हाय, हाताले समजलं पाह्यजे." आणि मग खाली मान घालूनच म्हणाले, "तुह्या चटया बराबर हायेत. पण माठापाशी काहीच नाही. मी तिथं चुकतो."

दादा, मी शाळेत असताना हे घरभर फिरत होते. मला काही कळू दिलं नव्हतं.

आता माठापाशी गोणपाटाचा तुकडा आहे, यांनीच दुमडून शिवलेला. बेबीताईंनी आपली तुटलेली बाज विणायला आणून टाकली आहे. गावाकडे जायचं हे आता काढत नाहीत, आणि तुम्हाला कळवायलाही आता यांची ना नाही. कधी कधी अजूनही दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. तेव्हा मी भाकऱ्या करून वाढते.

आईला हे पत्र वाचून दाखवू नका. तिच्याजवळ बसून तुमच्या तोंडानं सांगा. मग तिला आणि वहिनींना घेऊन इकडे या.

आलात की कडी वाजवा. दार हे उघडतील. थोडा वेळ लागेल, पण ढकलून आत येऊ नका. बाहेर उभे राहा.

तुमची,
शालू