घरी मालूम असन

मी सुंदरबाई, कैलासवासी म्हणायची आमच्यात रीत नाही म्हणून नुसते दिवंगत मंगरू शहारे यांची बायको, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी बिडी बांधणे व शेतमजुरी, आता बसून खाणे, राहणार मौजा कोसमटोली, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत टाचला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे डॉक्टरच म्हणाले. मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि गोड बोलून कोणी लिहून घेत नाही.

वकिलांनी नमुना दिला होता. त्यातले स्थावर, जंगम वगैरे शब्द जिथे बसले तिथे बसवले, बाकी आपल्या बोलण्यात लिहिले. मी शाळेत गेले नाही. तंबाखू ज्या वर्तमानपत्रात बांधून येई, त्याचे तुकडे जुळवून वाचायला शिकले. एखादे वाक्य मधेच तुटले तर समजून घ्यावे. माझ्या बहुतेक धड्यांना पुढचे पान नव्हतेच.

कलम १. माझे मयत बौद्ध पद्धतीने करावे. जेवण साधे ठेवावे. सून सरपंच होती तेव्हा जे लोक रोज सकाळी आमच्याकडे चहाला येत, त्यांना मुद्दाम निरोप धाडू नये. आपणहून आले तर चहा द्यावा.

कलम २. पितळेचा गुंड. हा माझ्या लग्नात भंडाऱ्याहून आणला. पाणी भरून भरून एका बाजूने चेपला आहे, पण गळत नाही. त्याच्या गळ्याशी दुकानदाराने ठोकून नाव घातले आहे, मंगरू शहारे. मला वाचता आलेला पहिला शब्द तोच. तोंडाने मात्र मी ते नाव कधी घेतले नाही, आमच्या काळी बाया घेत नसत. कोणी दारात येऊन विचारले, बाई, धान विकता का, तर मी म्हणे, "घरी विचारा लागन." घरी म्हणजे हे. हे परगावी गेलेले असोत, घरात मी एकटीच असो, तरी घरी म्हणजे हेच. कोणी मला उलट विचारले नाही की बाई, घरी तर तूच आहेस. साऱ्यांना समजे. ही गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून इथे लिहून ठेवली. गुंड नात रीना हिला द्यावा. तिने चिंच लावून घासावा, पावडर लावू नये.

कलम ३. बिडीचे पान कापायची कात्री, पत्र्याचा साचा आणि सूप माझी मुलगी सत्यवती हिला, ती शहापूरला दिली आहे. तिला जमीन विचारली तर म्हणाली, "मले जमीन नको वं आई, भावाच्या तोंडी कोण लागन? तुही कात्री दे, तिच्यासारखी धार आता येत नाई." तिने तसे वेगळ्या कागदावर लिहूनही दिले आहे.

कलम ४. फ्रिज. हा माझा मुलगा अश्वजित याने माझ्या मागे घेऊन जावा. त्याची बायको भावना सरपंच असताना तो एके दिवशी टेम्पोतून उतरला. कुठून आला हे अश्वजितलाच ठाऊक. भावनाने त्यात दूध, भाजी सारे ठेवले, पण पाणी शेवटपर्यंत माठातलेच प्यायली. यावरून कोणी काही सिद्ध करू नये. तिची दाढ दुखते हेही खरे आहे.

कलम ५. तलावाखालची बांधी, म्हणजे माझा धानाचा तुकडा, मुलगा अश्वजित याला. ही जमीन तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, अगदी लागून आहे. पाळ फुटली तर पाणी पहिले ह्याच बांधीत येईल. अश्वजितला पाळीची माहिती गावात सगळ्यांत जास्त, म्हणून जमीन त्यालाच योग्य. यात राग नाही. तो लहानपणी त्याच पाळीवर बसून मी भाकर घेऊन येण्याची वाट पाहत असे, हे मी विसरले नाही.

आता घर राहिले. घर लिहिण्याआधी कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी चळली.

सरपंचपदाची जागा बायांसाठी राखीव निघाली तेव्हा अश्वजितने भावनाचा अर्ज भरला. ती निवडून आली. पंचायतीत मधल्या खुर्चीवर भावना बसे, बाजूच्या खुर्चीवर अश्वजित बसे, आणि लोक बाजूच्या खुर्चीशी बोलत. त्याला सरपंच साहेब म्हणत आणि हिला भावनाबाई. कागद तो आणी. एकदा रोवणी चालू होती, आम्ही दोघी चिखलात वाकून होतो. अश्वजित शेताच्या धुऱ्यावर फटफटी लावून कागद घेऊन आला. भावनाने लुगड्याला हात पुसले.

"काय हाये यात?"

"तलावाचं हाये."

"तलावाचं काय?"

"तू सही कर नं. तिकडं परे सुकून राहिले."

तिने सही केली आणि पुन्हा वाकली. परे, म्हणजे लावायची धानाची रोपे, खरोखर सुकत होते.

काम होते तलावाच्या पाळीला दगड लावायचे. बिल निघाले. दगड लागले नाहीत. ठेकेदाराकडून अश्वजितने वाटा घेतला असा आरोप आहे, आणि सही भावनाची म्हणून खटला दोघांवर चालू आहे. घेतला की नाही हे कोर्ट ठरवील. माझा मुलगा आहे म्हणून मी इथे होही लिहीत नाही आणि नाहीही लिहीत नाही. तो मात्र चौकात सांगत फिरला, "सही तिची, सरपंच ती. मी तं फक्त नवरा होतो." हे वाक्य मी त्याच्याच तोंडून ऐकले आहे. मला कोणी येऊन सांगितलेले नाही.

तक्रार शेजारच्या श्यामरावने केली. मग चौकशीचे साहेब आले. दूरच्या जिल्ह्याचे, माणूस चांगला, पाणी मागून प्यायले. आमच्याच सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, खुर्च्या टाकल्या. मी दारात बसून होते, म्हणून भावनाने डोक्यावर पदर घेतला होता. साहेबांनी विचारले, "काम न होता बिल कसं निघालं, तुम्हाला माहीत होतं का?"

भावना म्हणाली, "घरी मालूम असन, साहेब."

माझ्या घरात राहून, माझे ऐकून ऐकून ती तसे बोलायला शिकली होती. तिचा अर्थ एवढाच की नवऱ्याला विचारा. साहेबांसोबतचा बाबूही तिकडचाच. त्याने लिहिले, "सदर बाब घरी माहीत असल्याचे सरपंच यांनी सांगितले." त्याखालीही भावनाने सही केली. तिची सही करायची सवय तेव्हा कोणी मोडली नव्हती.

ग्रामसभेत ते वाचून दाखवले तेव्हा लोक हसले. मागून कोणी ओरडले, "म्हणजे साऱ्या घराले मालूम होतं, म्हातारीले बी!" मी उठून म्हटले, "साहेब, घरी म्हणजे तिचा नवरा." साहेब म्हणाले, "आजी, मग नवरा म्हणायला काय झालं होतं?" मी खाली बसले.

भावनाचे पद गेले. अश्वजित तुमसरला खोली करून राहायला गेला. भावना माझ्याजवळ राहिली, आणि ते वाक्यही राहिले. किराणा दुकानात ती तेलाचा भाव विचारते तर दुकानदार म्हणतो, "भावनाबाई, तुमाले मालूम हाये, का घरी मालूम हाये?" ती तेल घेऊन येते. दुकान बदलत नाही, कारण गावात दुसरे दुकान नाही.

तिला खरोखर मालूम होते का, हे मला पुष्कळांनी विचारले. मी माझ्यापुरता हिशेब असा केला. त्या पाळीवरून ती रोज धुणे घेऊन जात असे. पायाखाली दगड नाही, माती आहे, हे तिच्या पायांना मालूम होते. पण साऱ्या गावाचे पाय त्याच पाळीवरून जात होते. बिल निघाले हे कागदाला मालूम होते, आणि कागद अश्वजितच्या पिशवीत असे. पाय आणि कागद एका ठिकाणी आणायचे तर मधे कोणी तरी विचारावे लागते.

मागच्या उन्हाळ्यात भावनाची मुलगी रीना आली. ती भंडाऱ्याला नर्सिंग शिकते. तिथे तिच्या मैत्रिणीने मोबाईलवर तलावाच्या बिलाची जुनी बातमी काढून दाखवली होती. आल्या आल्या तिने पिशवी खाली न ठेवताच आईला विचारले, "आई, तुले मालूम होतं का नाई? हो म्हण, नाई तं नाई म्हण."

भावना तांदूळ निवडत होती. खडे वेचत राहिली.

"म्हणजे मालूम होतं," रीना म्हणाली, आणि न जेवता परतीच्या एसटीने गेली. तेव्हापासून तिचा फोन मला येतो. आईला देऊ का म्हटले की रेंज जाते.

रीना गेल्यावर मी भावनाजवळ बसले आणि तिच्या सुपातले अर्धे तांदूळ माझ्या सुपात घेतले. मग तेच विचारले. मी जे ऐकले ते जसेच्या तसे लिहिते, कारण हे तिने दुसऱ्या कोणाला सांगितलेले नाही आणि मी इथे लिहावे याला तिची संमती आहे. ती म्हणाली, "आत्याबाई, सही मांगाले सारे आले. विचाराले तुमीच आल्या." मग सूप पाखडले आणि म्हणाली, "पाळीवर दगड नाई हे दिसत होतं मले. बिलाचं त्याईले विचारलं असतं, तं मालूम झालं असतं. म्हणून नाई विचारलं."

रीना, तुला हो किंवा नाही पाहिजे होते. माझ्याजवळ आहे ते एवढे आहे. कोर्टाला याचे काय करायचे ते कोर्ट करील. तुझ्या आईला खोटे बोलणे जमत असते तर त्या दिवशी ती "नाही" म्हणून मोकळी झाली असती आणि तू जेवून गेली असतीस. तिने तुझ्यासाठी ताट वाढून ठेवले होते. संध्याकाळी ते आम्ही दोघींनी खाल्ले.

तेव्हापासून एक फरक मी पाहिला आहे, तोही लिहिते. गॅसवाल्याची पावती असो की बचत गटाचा अर्ज, ती आता सपरीत बसून सारे वाचते, न समजलेले विचारते आणि समोरच्याला उभे ठेवते. गॅसवाला कुरकुरतो. कुरकुरू दे.

कलम ६. श्यामरावच्या बकऱ्यांनी माझी तूर खाल्ली ते भांडण मी सोडले. तक्रार केली याचा राग मला नव्हताच. पण कुंपण त्यानेच घालायचे आहे, हे सोडलेले नाही.

कलम ७. घर. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस श्यामरावचे कुंपण, उत्तरेस बुद्धविहार, दक्षिणेस सार्वजनिक विहीर. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या साली माझ्या बिडीच्या फंडातून बांधले. पंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, नमुना आठला, नाव माझे आहे. नवऱ्याचा किंवा मुलाचा यात पैसा नाही. हे घर, सपरी, मागचा परसू आणि सीताफळाच्या झाडासह, माझ्या मागे पूर्ण मालकीने सून भावना अश्वजित शहारे हिला मिळावे. तिला ते विकता येईल, भाड्याने देता येईल, कुलूप लावून ठेवता येईल. मुलाला का नाही, असे विचारणाऱ्याने वरचा मजकूर पुन्हा वाचावा. खटल्याचा निकाल कसाही लागला, तिच्या बाजूने किंवा विरुद्ध, तरी हे कलम बदलू नये. निकाल ऐकून तिला कुठल्या तरी घरी परत यावे लागेलच.

अश्वजितला या घरात यायला मनाई नाही. तो उपाशी आला तर त्याला जेवायला मिळावे अशी माझी इच्छा आहे, सक्ती नाही. फक्त यापुढे यायचे असेल तर त्याने घरी विचारून यावे. आणि घरी म्हणजे कोण, यावर पुढे कोणाचा घोळ होऊ नये म्हणून स्पष्ट लिहिते. या घरात घरी म्हणजे भावना.

रीनानेही घरी विचारावे. बसून विचारावे, पिशवी खाली ठेवून.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि सांगितले की काही विचारायचे असेल तर सहीच्या आधी विचारा. त्यातल्या तुलारामने विचारले की फ्रिज चालू आहे का. चालू आहे. श्यामराव पेन हातात घेऊन थांबला आणि म्हणाला, "काकू, खरं सांगा, तिले मालूम होतं का?" मी म्हटले, "तू त्या पाळीवरून किती वर्षं जात होता, श्याम? तुले कवा मालूम झालं?" त्याने कुंपणाकडे पाहिले. मग म्हणाला, "मीनं विचारलं तवा." आणि सही केली.

स्थळ: मौजा कोसमटोली, ता. तुमसर, जि. भंडारा
दिनांक: २१ नोव्हेंबर २०१८

(सही) सुंदरबाई मंगरू शहारे

साक्षीदार. सुंदरबाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. ऐकले, विचारले, मग सही केली.

१. (सही) श्यामराव गोमाजी भुरे, शेती, शेजारी
२. (सही) तुलाराम दसरू मेश्राम, निवृत्त एसटी वाहक