बाहेरची कडी

५ ऑगस्ट १९९१, सोमवार

आधीच्या बाईला हात होते की नाही कोण जाणे. मीठ नि साखर एकसारख्या डब्यांत, बर्नरमध्ये भात जळून बसलेला, पोळपाटाचा एक पाय गायब. असं स्वयंपाकघर टाकून कोणी जातं? न सांगता गेली म्हणे. घासून घासून माझे खांदे गेले. पण जागा झकास आहे. डोंबिवलीत दुसरा मजला, मला वेगळी खोली, खिडकीतून वारा. कळव्याला गोमाजीकडे, म्हणजे माझ्या भावाकडे, पाय पसरायला जागा नव्हती.

साहेब वागळे इस्टेटला कारकून होते. आता घरी बसून दिवाळी अंकांसाठी भुताच्या गोष्टी लिहितात. बायको मीरावहिनी, खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर. तोंड मात्र चालू. माझी भाकरी मोडायला गेल्या नि म्हणाल्या, दगडाबाई, नावाला जागलात हो. मलाही हसू आलं.

ही जुनी डायरी साहेबांनी दिली. रोज लिहा म्हणाले, तुमच्यासारखी बोलायची ढब मला गोष्टीत हवी, मी वाचत जाईन. चौथी शिकलेय. लिहिते.

८ ऑगस्ट, गुरुवार

साहेबांच्या गोष्टी परत येतात. आज एक मला वाचून दाखवली. बाई भुताला बघते नि तिला फार भीती वाटते. पुढच्या पानावर आणखी भीती वाटते. मी तोंडावर सांगितलं, तुम्ही म्हणता घाबरली, मला काय दिसलं? काहीच नाही. माझा दीर होडी घेऊन गेला नि परतला नाही, त्या दिवशी जाऊ एक शब्द बोलली नाही. घासलेलं पातेलं पुन्हा पुन्हा घासत बसली, बोटं सोलून निघाली तरी. ते लिहा.

वहिनी आतून हसल्या, बरं झालं, मास्तरीण मिळाली. साहेब हसले नाहीत. जाऊबाईची बोटं कुठल्या हाताची, ते विचारून घेतलं.

११ ऑगस्ट, रविवार

मला पापलेट आणायला पिटाळलं. परत आले तर वहिनींच्या खोलीला बाहेरून कडी, नि साहेब दाराला कान लावून स्टुलावर, मांडीवर कागद. वाऱ्याने दार आपटतं म्हणाले. वारा कुठला? पंखासुद्धा बंद होता. आत वहिनींच्या पदराचं टोक ओलं, चावलेलं. विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, तुम्ही मासे बघा.

१४ ऑगस्ट, बुधवार

नवी गोष्ट वाचली. कोंडलेली बाई. भीती हा शब्द कुठेच नाही. ती पदर दातांत धरते. नखांनी भिंतीचा चुना खरवडते. माझ्या हातावर काटा आला नि मी, गोष्ट चांगली आहे, असं म्हणून बसले.

मग वहिनींना जेवण भरवायला गेले. त्यांच्या नखांत चुना.

साहेबांनी विचारलं, दगडाबाई, याच्या पुढे माणूस ओरडतं की आवाजच फुटत नाही? मी म्हटलं, मला काय ठाऊक. ते म्हणाले, बघायला हवं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

वहिनी आता चेष्टा करत नाहीत. साहेब खाकरले की चादर हनुवटीपर्यंत ओढतात. बशीतला कप वाजतो. मला हळूच म्हणाल्या, बाजारात जाऊ नका. साहेब रोज काही ना काही आणायला लावतात. खालच्या मजल्यावरच्या पंढरींना सांगितलं. ते म्हणाले, इतका सज्जन माणूस, म्हाताऱ्यांची भांडणं असतात, तुम्ही नव्या आहात.

दुपारी साहेब झोपलेले. उलथन्याने कडी उचकटली नि गटारात टाकली.

१८ ऑगस्ट, रविवार

नवी कडी बसली. आधीपेक्षा जाड.

माझ्या खोलीलाही बसली. बाहेरून.

२० ऑगस्ट, मंगळवार

दूध घेऊन आले. पलंग रिकामा. चादर ताणून बसवलेली.

साहेब म्हणाले, तिची विठ्ठलवाडीची बहीण घेऊन गेली. रिक्षाने. दूध आणायला किती वेळ लागतो? जिना एकच. मला कोणी दिसलं नाही.

चष्मा उशीजवळ. त्याशिवाय त्यांना कप सापडत नाही.

साहेबांनी आमटी दोनदा घेतली. नंतर म्हणाले, शेवट जमला, ऐकता का. मी म्हटलं नाही. निघून जाणार होते, पिशवी भरली — पण मी गेले तर वहिनींचं विचारणार कोण? पंढरी?

२१ ऑगस्ट, बुधवार

टेबलावर नवं पान. स्वयंपाकाला आलेली बाई. धीट. फटकळ. पुढचं कोरं.

खोलीत पिशवी घ्यायला आले — मागे कडी लागली. भरदुपारी. हाक मारली, खाली रेडिओ मोठ्याने —

स्टूल ओढल्याचा आवाज. दारापाशी थांबला.

साहेब, हे तुम्ही वाचणार. म्हणून लिहून ठेवते. मी भ्यायले आहे. फार भ्यायले आहे. एवढंच. हात काय करतायत, तोंड कसं झालंय, ते नाही लिहिणार. ओरडणार पण नाही. बसा कान लावून.

गोमाजी शुक्रवारी येणार आहे, मी दिसले नाही तर दार तोडेल. तोवर उत्तर द्या. तोंडी नको, याच पानावर, दाराखालून सरकवते. शुक्रवारपर्यंत मला सांगा, वहिनींना कुठे —