गॅरेजची फरशी कोरडी आहे

ताई,

गॅरेजच्या फरशीला चिकटवलेला प्लास्टिकचा तुकडा आज सकाळी सोलून काढला. खाली एक थेंबही नव्हता. काल समुद्राला उधाण होतं, तरी जमिनीतून ओल वर आलेली नाही. "फरशीला पट्टी लावून ताप मोजतेस का?" म्हणून हसली होतीस ना? घे, उतरला ताप!

शटरच्या जागी बांधलेल्या भिंतीवरून एकदा हात फिरवून बघ. बाथरूमला उंबरठा मुद्दामच ठेवला नाही, कारण बाबांचा पाय उचलत नाही. आता आपले जिनेही त्यांना चढायला नकोत. तेवढा पलंग खिडकीपाशी लाव आणि गादीला ऊन दाखव.

बाबा पडले तेव्हाही आपण दोघी "आधी ओल जाऊ दे" म्हणत राहिलो आणि ते तिकडे एकटेच राहिले. आज ती सबब संपली. मी त्यांना आणायला निघाले आहे. मघाशी फोनवर त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, "किती दिवसांचे कपडे घेऊ?"

मी म्हटलं, "सगळे घ्या, बाबा. आता तुम्ही इथेच राहायचं."