शेवटचं सफरचंद

आई, तुला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना नमस्कार.

मी मजेत आहे. लोक हौसेने दिवसचे दिवस चालत, सायकलवरून नाहीतर घोड्यावरून जातात, त्या लांबलचक वाटेवरचे दिशा दाखवणाऱ्या बाणांचे खांब मी सांभाळते. जेवते वेळेवर. बाबांचा खोकला कसा आहे?

परवा एका घोड्याने पाठ घासून खांब पाडला. मी घाईघाईत तो परत रोवला आणि बाणाचं तोंड भलतीकडे झालं. काल एक म्हातारं जोडपं त्या बाणावर विसंबून दिवसभर भरकटलं. संध्याकाळी मला भेटलं, तेव्हा आजी अगदी तुझ्यासारख्या गुडघा धरून चालत होत्या. मी वाट दाखवली, तर म्हणाल्या, "देवासारखी भेटलीस गं!" आणि पिशवीतलं शेवटचं सफरचंद माझ्या हातावर ठेवलं.

मी ते खाल्लं, आई. त्यांच्यासमोरच. खांबाबद्दल चकार शब्द काढला नाही.

खांब आज उजाडताच सरळ केला. ते दोघं पुढच्या मुक्कामी पाय शेकत बसले असतील. हे पत्र पेटीत टाकून तशीच सायकलने त्यांच्याकडे जाते आहे. तोवर शेजारच्या काकूंना माझं कौतुक सांगू नकोस.

तुझी,
धाकटी